नकाशात नसलेले गाव



ऐन वैशाखात, दिवसभराच्या उकाड्यानंतर गच्चीवर चार घटका वाऱ्याला बसायचे सोडून आपण इतिहासावरचे व्याख्यान ऐकायला आलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानले पाहिजेत. पत्रिका छापायच्या वेळी चिटणिसांनी मला विचारले होते, "नकाशात नसलेले गाव म्हणजे कोणते हो? पुराणातले की कादंबरीतले?" मी म्हटले, "दोन्ही नव्हे. ते माझे गाव आहे. आज त्यावर पाणी आहे, एवढेच."

भीमेवरचे उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या फुगवट्याखाली इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत या तालुक्यांतली कितीतरी गावे गेली. त्यांतलेच आमचे एक. धरण व्हायला नको होते असे मी म्हणणार नाही. त्या पाण्यावर सोलापूरकडची शेते पिकली आणि शहरे पाणी प्याली, हे मला दिसते. पण गाव उठले तेव्हा मी नोकरीच्या गावी मुलांना सनावळ्या शिकवीत होतो. आपल्या घराचे सामान बैलगाडीत भरले जात असताना आपण दुसऱ्यांच्या मुलांना पानिपतची कारणे सांगत होतो, ही गोष्ट इतिहासाच्या मास्तराला पुढे फार बोचते.

पुष्कळ वर्षांनी, म्हणजे १९९८च्या सुमारास, मी आमच्या आत्याला म्हटले, "आत्या, गावाचा नकाशा काढून दाखव." ती तेव्हा पंच्याहत्तरीच्या घरात होती. जन्म गावात गेलेला, विधवा होऊन परत माहेरी आलेली, आणि वाडा सोडून शेवटी निघालेली तीच. ती म्हणाली, "मला कुठे रे नकाशा येतो?" पण रांगोळीचा डबा घेऊन ओसरीवर बसली.

तिने सुरुवात केली ती वेशीपासून नव्हे, चुलीपासून. आधी चूल, मग तिच्या डाव्या अंगाला पाण्याची उतरंड, मग माजघर, सोपा, पुढचे दार. पुन्हा चुलीकडे येऊन मागचे दार, परसातला आड, आणि चुलीपासून आडापर्यंत किती पावले तेही सांगितले: अकरा. भरलेली घागर कमरेवर असली म्हणजे तेरा. मग पुढच्या दारातून घाटाकडे जाणारी वाट, वाटेवर महादेवाचे देऊळ, घाटाच्या कोणत्या पायरीवर शेवाळ असे तेही. आणि नदी तर इतकी जवळ काढली की वाड्याच्या पुढच्या पायरीला टेकली. मी म्हटले, "आत्या, नदी एवढी जवळ होती का ग?" ती म्हणाली, "पावसाळ्यात होती."

मी त्या चित्राची वहीत नक्कल करून घेतली. आजच्या व्याख्यानाचा पहिला कागद तो.

दुसरा कागद सरकारी. तालुक्याच्या कचेरीत मोजणीच्या जुन्या नकाशाची प्रत मिळाली. इंदापूर तालुक्याला या बाबतीत एक मान आहे, तो आपल्यापैकी काहींना ठाऊक नसेल. मुंबई इलाख्यातली जी जमीनमोजणी पुढे सगळीकडे नमुना म्हणून गेली, ती गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३५ साली इंदापुरातच सुरू केली. त्याआधीची प्रिंगलची मोजणी फसली होती. तिच्या आकारणीने रयत जेरीस येऊन कित्येक शेते पडीक पडली होती. नवी मोजणी तेहतीस फुटी साखळीने होई. साखळीचे सोळा आणे, आणि साखळी लांब, साखळी रुंद एवढ्या जागेचा गुंठा. आजही आपण शेताचा भाव गुंठ्याने करतो तेव्हा ती साखळीच आपल्या तोंडून बोलत असते.

या मोजणीने रयतेचे काही भले केले, यात शंका नाही. सारा ठरला, हद्द ठरली, कुळकर्ण्याच्या लहरीवरचे अवलंबन कमी झाले. पण एक गोष्ट तिने कायमची बदलली. त्यापूर्वी जमिनीच्या तुकड्यांना नावे होती. जुन्या थळांना ज्या घराण्यांनी ती प्रथम कसली त्यांची नावे असत. कूळ दुष्काळात परागंदा झाले, निर्वंश झाले, कागदोपत्री 'गतकूळ' ठरले, तरी थळ त्याच्याच नावाने ओळखले जाई. मेलेल्या माणसाचे नाव जमीन बोलत राही. त्या जागी आता क्रमांक आला. क्रमांक हिशेबाला सोयीचा, भांडणाला त्याहून सोयीचा. पण क्रमांकाला गोष्ट नसते.

तेव्हा प्रश्न असा पडला, की या दोन कागदांपैकी माझ्या गावाचा खरा नकाशा कोणता? साखळीने मोजलेला, की घागरीने मोजलेला? हा प्रश्न केवळ माझ्या घरचा असता तर मी आपला वेळ घेतला नसता. आपल्या भाषेने तो सातशे वर्षांपूर्वी विचारला आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी ग्रंथही रचले आहेत. तिकडे आता वळतो.

चक्रधरस्वामी महाराष्ट्रातून निघून गेल्यावर, तेराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात, त्यांचे शिष्य रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात जमले. वऱ्हाडातले हे रिद्धपूर आज अमरावती जिल्ह्यात आहे. गुरू दृष्टीआड झालेला. या मंडळींची साधना होती ती स्मरणाची: स्वामी अमुक गावी अमुक देवळात कसे बसले, कोणाशी काय बोलले, काय जेवले, हे एकांतात बसून एकेक आठवायचे. परंपरा सांगते की नागदेवाचार्य असे स्मरण करीत बसले असता म्हाइंभटांनी त्यांना विचारले, आपण काय करता? स्वामींच्या लीळा आठवतो, असे उत्तर मिळाले. म्हाइंभट मूळचा शास्त्रार्थ करणारा पंडित. त्याच्या मनात लगेच पुढचा विचार आला: आम्ही पाहिले म्हणून आम्हांस आठवते, ज्यांनी पाहिले नाही, जे अजून जन्मले नाहीत, त्यांनी काय आठवावे?

या विचारातून लीळाचरित्र निर्माण झाले, आणि मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ आपल्याला मिळाला. म्हाइंभटांनी तो घरबसल्या लिहिला नाही. ज्या ज्या माणसाची स्वामींशी गाठ पडली होती, त्याला त्याला गाठून त्यांनी विचारपूस केली. आजच्या भाषेत बोलायचे तर साक्षी घेतल्या. आणि साक्षी जुळल्या नाहीत तेव्हा त्या ओढूनताणून जुळविल्या नाहीत. अमक्याची आठवण अशी आणि तमक्याची तशी, हा भेद मराठीच्या या आद्य चरित्रात जागोजाग राखलेला आहे. आमच्या धंद्यातल्या कित्येकांना हे अजून जमत नाही.

पण आजच्या विषयाला अधिक जवळचा ग्रंथ पुढच्या, म्हणजे चौदाव्या शतकातला. त्याचे नाव स्थानपोथी. वि. भि. कोलत्यांनी तो संपादून प्रसिद्ध केला. प्रथम वाचताना हा ग्रंथ अतिशय रुक्ष वाटतो. त्यात कथा नाही, उपदेश नाही. गावामागून गाव घेतले आहे, आणि प्रत्येक गावात स्वामी जिथे जिथे राहिले, बसले, हिंडले, त्या जागा दिशांनी सांगितल्या आहेत. देवळाचे तोंड कोणीकडे, त्याच्या उत्तरेला काय, आग्नेयेला काय, दारातून आत गेल्यावर कोणत्या अंगाला आसन. मुक्काम दीर्घ असेल तर 'अवस्थान', एका रात्रीचा असेल तर 'वस्ती', नुसते टेकले असतील तर 'आसन'. इतकेच काय, स्वामी लघुशंकेला जेथे गेले त्या जागेलाही नाव आहे आणि दिशा आहे.

वाचणाऱ्याला हसू येईल. मलाही एकदा आले होते. मग लक्षात आले की प्रेमाच्या माणसाची आठवण अशीच असते. गेलेल्या वडिलांची तत्त्वे आपल्याला आठवत नाहीत; ते कोणत्या खिडकीपाशी दाढी करीत आणि वस्तऱ्याचे पाणी कोठे टाकीत हे आठवते. स्थानपोथीचा कर्ता शब्दांनी नकाशा काढीत होता. कागदावर रेघ न मारता काढलेला हा नकाशा हाती घेऊन त्या पंथाची माणसे शतकानुशतके पैठणला, रिद्धपूरला, गोदेकाठच्या लहानसहान खेड्यांना गेली, त्या त्या जागी त्यांनी ओटे बांधले, आणि त्या ओट्यांवर माथा टेकून ती ती लीळा पुन्हा सांगितली. गोष्टीला जागा हवी आणि जागेला गोष्ट हवी, असा हा व्यवहार.

यातून आणखीही एक गोष्ट झाली. चक्रधरांनी शिष्यांना कानडी आणि तेलुगू मुलखांत न जाता महाराष्ट्रातच राहण्याची आज्ञा केली, असे सूत्रपाठ सांगतो. आता महाराष्ट्र म्हणजे कोठून कोठपर्यंत? त्या काळी महाराष्ट्राचा नकाशा कोणाच्या भिंतीवर टांगलेला नव्हता. पण स्थानपोथीतली गावे एका धाग्यात ओवली तर गोदेचे खोरे, वऱ्हाड, खानदेश असा एक मुलूख आपोआप डोळ्यांपुढे उभा राहतो. एका माणसाच्या पायांनी काढलेला तो नकाशा आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी १९५६ ते १९६० या काळात लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला, त्यांच्या मनातही सीमेच्या रेषेआधी अशीच पायवाट असणार, असे मला वाटते. इरावतीबाई कर्व्यांनी वारीबरोबर चालताना महाराष्ट्राची ओळख अशीच पायांनी करून घेतली होती: ज्या मुलखाची माणसे पंढरीला चालत जातात तो महाराष्ट्र, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

लीळाचरित्राची पुढची हकीकत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. देवगिरीची सत्ता कोसळली, धामधूम माजली, आणि परंपरेप्रमाणे मूळ पोथी त्या दंगलीत नाहीशी झाली. मग पुन्हा आठवणींकडे जाणे आले. हिराइसा नावाच्या बाईला ग्रंथ मुखोद्गत होता असे सांगतात, आणि तिच्या आठवणीतून उतरलेला पाठ तिच्याच नावाने चालला. इतरांचे पाठही झाले. पुढे या पंथाने आपले ग्रंथ सकळा नावाच्या सांकेतिक लिपीत बंद करून ठेवले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ती लिपी उलगडीपर्यंत बाहेरच्यांना त्यांचा पत्ता नव्हता. म्हणजे पहा: पाहणाऱ्यांची आठवण, तिच्यावरून पोथी, पोथी गेली म्हणून पुन्हा आठवण, तिच्यावरून पुन्हा पोथी. आपल्या भाषेचा आद्य गद्यग्रंथ एका बाईच्या स्मरणाचा ऋणी आहे, हे आम्ही शाळेत शिकवीत नाही. शिकवायला हवे होते.

मॉरिस हाल्बवाक्स नावाचा एक फ्रेंच समाजशास्त्रज्ञ होऊन गेला. आठवण ही एकट्याच्या डोक्यात नसते, ती समूहाच्या आधाराने जगते, असे त्याने १९२५ साली एका ग्रंथात मांडले. पुढे १९४१ साली त्याने पॅलेस्टाइनमधील ख्रिस्ती पवित्र स्थळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्याने दाखविले की निरनिराळ्या काळच्या भाविकांनी आपापल्या श्रद्धेप्रमाणे त्या जागा ठरविल्या, हलविल्या, कधी एकाच प्रसंगाला दोन जागा दिल्या. दगड आठवणीला धरून ठेवतो हे खरे, पण आठवणही दगडाला उचलून दुसरीकडे ठेवते. हा विद्वान १९४५ मध्ये नाझींच्या बुखेनवाल्ड छावणीत मरण पावला. त्याला आमची स्थानपोथी वाचायला मिळाली असती तर त्याच्या ग्रंथात एक प्रकरण वाढले असते, असे मला नेहमी वाटते.

आता पायांच्या नकाशाचे दुसरे उदाहरण, आणि हे आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरी कर्ज झालेले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असे ऐकून १८५७ साली हे चुलत्यांना बरोबर घेऊन उत्तरेकडे निघाले, आणि थेट बंडाच्या वणव्यात जाऊन पडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. एप्रिल १८५८ मध्ये ह्यू रोजच्या फौजा आत शिरल्या, कत्तल झाली, लूट झाली, ती त्यांनी लपून राहून पाहिली. मिळविलेले सारे लुटारूंनी नेले. शेवटी गंगेची कावड तेवढी घेऊन हा मनुष्य वरसईस परत आला. हे सारे त्यांनी लिहून काढले ते पाव शतकानंतर, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. आणि वैद्यांनी ते प्रसिद्ध केले १९०७ साली, भटजींच्या मृत्यूनंतर, काही मजकूर गाळून आणि काही सुधारून. मूळ लिखाणाबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढली, तिला १९६६ साल उजाडले.

'माझा प्रवास' घेऊन कोणी मुलाने जर नकाशा काढायला घेतला, तर तो मोठा गमतीदार होईल. त्यात छावण्या आणि तोफा आहेत, पण त्या कडेला. मध्यभागी आहेत नद्यांचे घाट, स्नानाच्या जागा, यजमानांची घरे, कोणत्या गावी शिधा चांगला मिळाला आणि कोठे उपास पडला ते. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याच मोहिमेचे जे नकाशे केले, त्यांत काल्पीच्या वाटेवरची एखादी विहीर असली तर ती तळ द्यायला पाणी म्हणून असेल. भटजींच्या नकाशात अशी एक विहीर आहे. तेथे पराभवानंतर तहानलेली राणी लक्ष्मीबाई त्यांना भेटली, आणि विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी शेंदावे हे पसंत न पडून ती स्वतःच पुढे झाली. भटजींच्या सनावळीत चुका आहेत, त्या संशोधकांनी दाखविल्या आहेत. पंचवीस वर्षांनी लिहिणाऱ्याच्या हातून तिथी चुकणारच. पण दोर कोणी धरला, हे सहसा चुकत नाही.

भटजींनी निदान लिहिले. जिच्या हाती लेखणी कधी दिलीच नाही तिने काय केले? ती जात्यावर बसली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्या ओव्यांतून किती गावे, घाट, ओढे, आंबराया येतात ते पाहावे. सासर आणि माहेर या दोन ठिकाणांमधली वाट हा त्या नकाशाचा कणा. मुऱ्हाळी भाऊ कोणत्या वळणावर दिसला, डोळे कोणत्या टेकडीवर लागले, हे सारे त्यात. सरकारी मैलांत माहेर दहा मैल असेल. ओवीत ते एका सणाचे अंतर असते. आमच्या आत्यानेही लिहायला शिकली नव्हती म्हणूनच रांगोळी घेतली, हे मला फार उशिरा समजले.

एवढे बोलून मी खाली बसलो असतो तर आपण मला टाळ्या दिल्या असत्या, आणि मी साखळीपेक्षा घागर मोठी असे सिद्ध करून घरी गेलो असतो. पण माझ्याजवळ तिसरा कागद आहे, आणि तो मला सुखाने बसू देत नाही.

आत्याच्या नकाशाची वही घेऊन मी पुनर्वसनाच्या नव्या गावठाणात गेलो होतो. गावातले जुने कोणी भेटले तर ताडून घ्यावे, हा हेतू. तेथे महारवाड्यातले एक नाना भेटले. त्यांना सारा गाव नानाच म्हणे. साठी उलटलेली, नजर मात्र तीक्ष्ण. त्यांनी वही हातात घेतली, उलटसुलट केली, आणि विचारले, "मास्तर, ह्यात आमी कुटं हाये?"

मी पाहू लागलो. घर होते, आड होता, घाट होता, देऊळ होते, सोनाराची आळी होती, चिंचेवरची वटवाघळेसुद्धा आत्याने ठिपक्यांनी दाखविली होती. महारवाडा नव्हता. तिचा जन्म त्या गावात गेला होता.

नानांनी मग वहीच्या कोऱ्या पानावर आपला नकाशा काढून दिला. तो सुरू झाला पूर्वेच्या अंगाला, चावडीपासून. मग घरांची रांग, मरीआईचा दगड, आणि थोड्या अंतरावर एक विहीर. तिच्याजवळ त्यांनी एक लहान फुली केली. "ह्ये काय?" "हितं थांबायचं. कुणी पानी वाढंस्तवर." विहिरीवर वर्तुळ एक, आणि फुल्या चार. आई, थोरली बहीण, चुलती आणि ते स्वतः. आमचा वाडाही त्यात होता, पण त्याचे एकच दार होते: मागचे. तेथपर्यंत येऊन त्यांची रेघ थांबली होती. मी म्हटले, "पुढची बाजू?" ते शांतपणे म्हणाले, "म्होरलं दार म्या कधी बगितलंच न्हाई, मास्तर."

महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह केला तो २० मार्च १९२७ रोजी. नाना सांगत होते तो काळ त्यानंतरचा, वीस वर्षे नंतरचा. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले तेव्हा पुष्कळ वाचकांना धक्का बसला. मुंबईचा कावाखाना आणि गावचा महारवाडा हे भाग आपल्या नकाशात इतकी वर्षे कसे नव्हते, हाच तो धक्का असणार. पुस्तक वाचून मीही हळहळलो होतो. माझ्या घरच्या रांगोळीत तेच भोक आहे, हे कळायला मला आणखी वीस वर्षे लागली.

यात एक विपरीत गोष्ट आहे, ती इतिहासाच्या अभ्यासकाने सांगितली पाहिजे. पेशवाईतले गावशिवेचे तंटे वाचले तर दिसते की दोन गावांत हद्दीवरून वाद पडला म्हणजे साक्ष घेतली जाई ती महाराची. शीव कोठून जाते, कोणत्या दगडापाशी वळते, हे त्याला ठाऊक असे, कारण ते राखणे हेच त्याचे वतन. प्रसंगी डोक्यावर शिवेची माती घेऊन शीव चालून दाखवावी लागे, आणि खोटे चालला तर दैवी कोप होईल अशी समजूत असे. म्हणजे इंग्रजांची साखळी येण्याआधी गावाचा नकाशा महाराच्या पायांत होता. सारे गाव त्याच्या आठवणीवर आपली हद्द सांगे, आणि त्याच गावाच्या आठवणीत त्याला घर नव्हते. सरकारी मोजणीच्या कागदावर ती पूर्वेची विहीर मात्र बरोबर आहे. लहानसे वर्तुळ. तिथे कोण थांबे आणि कोण शेंदी, हे साखळीला दिसत नाही. पण तिने विहीर पुसली नाही, एवढे श्रेय तिला दिले पाहिजे.

घरी येऊन मी आत्याला विचारले. ती दुखावेल अशी भीती होती. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "ती विहीर होय? होती की. आपण कुठे तिकडे जायचो?" तिने खोटे काहीच सांगितले नव्हते. जेथे पाय गेले नाहीत तेथला नकाशा तिच्याजवळ नव्हता, इतकेच. आणि पाय का गेले नाहीत हे विचारायची सवय आमच्या घरात कोणालाच नव्हती. मलाही नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने आपण होऊन रांगोळीचा डबा मागितला आणि पूर्वेला एक गोल काढून ठेवला. त्याच्याभोवती काय काढावे ते तिला सुचले नाही.

आत्या २००४ साली गेली.

पुढे २०१३चा दुष्काळ आला. धरणाचे पाणी इतके खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ पार उघडे पडले आणि लोक गाड्या करून ते पाहायला जाऊ लागले. आमच्या गावची जागाही वर आली असे कळले. नाना तेव्हा ऐंशीच्या जवळ होते. त्यांचा निरोप आला: "जाऊ या का?" मी मोजणीचा कागद, वही, आणि पाण्याची बाटली घेऊन निघालो.

तेथे गाव असे काही नव्हते. भेगाळलेला गाळ, शिंपले, मेलेल्या बाभळींची खोडे, आणि मधूनमधून घडीव दगड. महादेवाच्या देवळाचे जोते ओळखू आले. मी नकाशा उलगडून दिशा लावीत उभा राहिलो. नाना माझ्यासाठी थांबले नाहीत. ते पूर्वेला चालू लागले, मनाशी पावले मोजीत, आणि एका जागी थबकले. पायाने गाळ सारला तर दगडी बांधकामाची गोल कड दिसली. विहीर तोंडापर्यंत बुजलेली. ते तेथे फार वेळ उभे राहिले नाहीत.

मग ते वळले आणि पश्चिमेला, आमच्या वाड्याच्या मागच्या दाराची जी वाट होती ती धरून निघाले. वळणे आठवीत, एके ठिकाणी नसलेल्या भिंतीला वळसा घालून. परसातल्या आडाचा कठडा फुटलेला होता, पण होता. "हितं मागचं दार," ते म्हणाले, आणि उभे राहिले.

त्यांचा नकाशा तेथे संपत होता. मी वही उघडली. आत्याच्या हिशेबाने आडापासून चुलीपर्यंत अकरा पावले. मी म्हटले, "चला." अकरा पावलांवर चूल, तिथून उजवीकडे माजघर, मग सोपा. मी मोठ्याने सांगत होतो आणि ते माझ्या मागून चालत होते. घर माझे, पण वाट मी वहीतून वाचीत होतो. सोप्यातून बाहेर पडताना पुढच्या दाराची चौकट ठेंगणी होती, पाहुण्यांचे डोके हमखास आपटे, असे आत्याने लिहवून ठेवले होते. मी सवयीने म्हणालो, "जरा वाकून, नाना." आणि ते उघड्या उन्हात, त्या मोकळ्या गाळावर, खरोखरच थोडे वाकले.

बाहेर येऊन त्यांनी समोर पाहिले. जुने पात्र खाली हाकेच्या अंतरावर चमकत होते.

"हितनं नदी दिसायची व्हय," ते म्हणाले.